दुपट्ट्याचं दुसरं टोक

"काकाजी, जमिनीनं काय बिघडवलं जी तुमचं?"

हे नाच शिकवणाऱ्या मॅडमचं रोजचं बोलणं. चुटकी वाजवत यायची, माझ्या पायांकडं बघायची आणि विचारायची. मी पाय आपटतो, हे खरं. धानाच्या बांधीत चिखल तुडवून तुडवून पाय तसाच पडतो. तो आता कायले बदलू?

मी चौथी शिकलेला माणूस. आमगावात समाजभवनाला लागून आमचं घर. एका संध्याकाळी तिथं पिपाण्यांचं अंग्रेजी गाणं जोरात सुरू झालं, तेव्हा मी भांडायलाच गेलो. मॅडम म्हणजे केशोरी गावाकडची पोरगी, पुण्यात राहून स्विंग नावाचा जोडीचा नाच शिकून आली होती आणि इथल्या लोकांना शिकवत होती. किराणावाला, मास्तरीणबाई, सगळे हात धरून झुलत होते.

"बंद करा हे!" मी दारातून ओरडलो.

"तसेच उभे राहा जी," ती म्हणाली. "भांडणाची ढब एकदम बरोबर आहे. फक्त गुडघे सैल सोडा."

लोक हसले. हसणाऱ्यांना दाखवतो म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि मग जातच राहिलो. तुम्हीही हट्टी माणसं पाहिली असतील. आम्हाला असंच धरावं लागतं.

पुढं भावसून यायला लागली. माझ्या मेलेल्या लहान भावाची बायको. आमच्यात भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावसुनेला शिवायचं नाही, तोंडावर बोलायचंही नाही. एका घरात राहून आम्ही कधी बोललो नव्हतो. ती भिंतीला सांगायची, "त्यायले म्हणा, ताट वाढलं." भवनातही ती कोपऱ्यात सतरंजीवर बसून बघायची. मॅडमनं एक दिवस तिला हात देऊन उठवलं.

या नाचाची रीत अशी, की सगळे गोलात उभे राहतात आणि मध्येच जोड्या बदलतात. बाया एकेक जागा पुढं सरकतात. तशी सरकत सरकत भावसून माझ्यापुढं आली. तिनं पदर ओढला. मी हात मागं घेतला. सगळे आमच्याकडं बघत राहिले.

मॅडम केशोरीची, आमच्याच मुलखातली, तिला ही रीत सांगावी लागली नाही. तिनं माझ्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक मला दिलं, दुसरं भावसुनेला.

"शिवू नका. पण ताण ठेवा. दुपट्टा लोंबला, तर समजायचं, कोणीतरी एकटंच नाचून राहिलं."

भावसून चांगली नाचली. माझ्यापेक्षा चांगली. मला ते आवडलं नाही, पण खरं ते खरं.

त्याच आठवड्यात भवनाला कुलूप लागलं. मी तडक समाजाच्या अध्यक्षाकडं गेलो.

"भाऊ, तुमच्याच इज्जतीसाठी केलं," तो म्हणाला.

"माझी इज्जत तुझ्या घरी ठेवायले देली होती काय रे?"

"लोक बोलून राहिले. विधवा बाई, त्यात तुमची भावसून..."

"इतकी वर्षं ते भिंतीसंग बोलून राहिली, तवा कोणाची इज्जत नाही गेली? चावी दे!"

"चावी समाजाची आहे."

"मग मी कोण आहो? बैल?"

चावी दिली नाही. अजून आठवलं की डोकं तडकते.

आणि मॅडम? गाण्याचा डबा काखेत धरून भवनाच्या पायरीवर उभी होती. एका शब्दानं भांडली नाही. "माझ्यापायी काकूले बोल लागायले नको," भावसुनेसाठी म्हणाली, माझ्या पाया पडली आणि गाडीत बसली. त्याचाही मला राग आहे. मला गुडघे सैल सोडायला शिकवलं, तर जाण्याआधी माझ्याकडून पाय आपटायला शिकायचं होतं.

परवा अंगणात मी एकटाच पाय टाकून बघत होतो. गाणं नव्हतं. अध्यक्षाचं तोंड आठवून पाय असा पडला की कोंबड्या पळाल्या.

आतून भिंतीला कोणीतरी म्हणालं, "त्यायले म्हणा, जमिनीनं काय बिघडवलं?"

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि एक टोक हातात ठेवून दुसरं दारातून आत फेकलं. बराच वेळ तो उंबऱ्यावर लोंबत पडला होता.

मग ताणला गेला.