गुडघ्याचे वस्ताद

नागरवाड्यात कुणाचं मनगट मुरगळलं, खांदा उतरला, की माणसं दवाखान्याआधी उदयसिंहरावांकडे जात. पणजोबा संस्थानच्या फौजेत, आजोबाही तिथेच. यांच्या वाट्याला फौज उरली नव्हती, म्हणून यांनी आखाडा धरला. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. सत्त्याण्णवच्या सुमारास बडोद्यात काचेच्या दारांच्या जिम निघाल्या आणि पोरं मशिनींवर दंड फुगवायला गेली. वस्तादांकडे उरली त्यांची बोटं आणि त्या बोटांचा अभिमान. तो जरा जास्तच होता; शेजारी आहे, त्यांच्याच आखाड्यात घुमलो, म्हणून सांगतो.

नात संयोगिता तेव्हा चार वर्षांची. सकाळी लंगडत उठायची आणि दुपारी गल्लीभर हुंदडायची. घरच्यांना वाटलं, बालवाडीचा कंटाळा, नाटकं करते. मग गुडघा सुजलेला दिसला. वस्तादांनी तेल लावून महिनाभर चोळला, पण सूज तसूभर हलली नाही. शेवटी सून राजेश्वरी हट्टाला पेटली आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो.

"हा संधिवात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वस्ताद हसले. "बेन, संधिवात म्हाताऱ्यांना. हिचे दुधाचे दात पण पडले नाहीत ने!"

बाईंनी न चिडता समजावलं. मुलांनाही होतो, आणि त्याच्याही जाती असतात. एकात रोज ताप चढतो, अंगावर पुरळ उठतं. एकात बोटांचे लहान सांधेसुद्धा धरतात. हिचा एकदोन सांध्यांपुरता, त्यातल्या त्यात सौम्य. "पण हाच डोळ्यात शिरतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. गुडघा बरा झाला तरी दर तीन महिन्यांनी डोळे यंत्रावर तपासायचेच."

वस्तादांनी 'सौम्य' तेवढं ऐकलं.

गुडघ्यात इंजेक्शन दिलं आणि सूज ओसरली. पोर पळायला लागली. आमच्या आखाड्याचा रिवाज असा, की दुखणं उतरलं की मारुतीपुढे नारळ वाढवायचा आणि मग त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की ते परत येतं. वस्तादांनी नारळ वाढवला, गल्लीत खोबरं वाटलं. राजेश्वरीनं पुढे दोनदा डोळ्यांचा विषय काढून पाहिला.

"आबासाहेब, तपासणीचं..."

"नाव नको काढूस. पोरगी दौडते ने? मग बस."

सासऱ्यापुढे ती गप्प झाली. त्या घरात सुना गप्पच व्हायच्या.

दोन वर्षांनी उत्तरायणाला आम्ही गच्चीवर होतो. वस्तादांनी वर बोट केलं. "संयू, तो बघ आपला लाल पतंग!" ऊन लागत होतं म्हणून तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला होता.

"कुठाय आबा?"

"अगं, समोर!"

"काहीच नाही तिथे."

वस्तादांनी फिरकी माझ्या हातात दिली. तिच्यासमोर उकिडवे बसले, तिचा तळहात उजव्या डोळ्यावर तसाच धरून ठेवला आणि चार बोटं नाचवली. "किती?"

"काय किती?" ती म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डाव्या डोळ्यात आतून सूज धुमसत राहिली, बाहुली मागे चिकटली, मोतीबिंदू धरला. गेलेली नजर बहुधा येणार नाही. उजव्यातही सुरुवात आहे. थेंब आणि औषधं देऊ, वाचेल असं वचन देता येत नाही. राजेश्वरीनं औषधांची चिठ्ठी घडी घालून पदराला बांधली. तिनं सासऱ्यांना चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर वस्तादांनी नातीला जवळ घेतलं. "बेटा, सांगितलं का नाहीस?"

"दुखलंच नाही आबा. गुडघा दुखला तेव्हा सांगितलं होतं ने?"

ती आईबरोबर पुढे गेली. वस्ताद दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. मी हात दिला, तर त्यांनी तो घट्ट धरला.

"दुखायला हवं होतं रे," ते म्हणाले. "पोरीला थोडं तरी दुखायला हवं होतं."