घासून नेलेले पाय

पंचवीस वर्षं मी मिरजेत रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवतो. तरी गुडघा दुखायला लागला की आई प्रार्थनेला हाक मारते ती माझ्या धाकट्या भावाला. तो जतकडं पाण्याचा टँकर चालवतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दारू प्यायचा. आता पीत नाही. एकदा आईला विचारलंच, "माझी प्रार्थना का चालत नाही?"

"तुझी लय लांब असती रं. त्याची लागती."

हे मला जे झोंबलं, ते अजून झोंबतं. त्याला देवाबद्दल चार वाक्यं धड सांगता येत नाहीत, पण तोंडावर असं काही निवांतपण असतं, की मी दाढी करताना आरशात ते माझ्या तोंडावर शोधतो.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब, येशूनं बारा शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत मी दरवर्षी असतोच. यंदा धाकट्याचंही नाव आलं, म्हणून मी दुपारपासूनच तयारीला लागलो. वज्रीनं टाचा घासल्या, नखं कापली, वर पावडर लावली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आवं, पाय त्यांनी धुवायचेत ना? मग त्यांच्यासाठी काय ठेवलंय तुमी?"

मी पावडरचा डबा बंद केला.

संध्याकाळी माझी पाळी झाली. पाणी जसंच्या तसं नितळ. धाकटा शेवटच्या खुर्चीवर, थेट टँकरवरून आलेला, घोट्यापर्यंत चिखल. त्याच्यापाशी येताच पाळकसाहेबांची कंबर धरली. त्यांनी पंचा माझ्या हातात दिला. "तुम्हीच धुवा."

नाइलाजानं गुडघ्यावर बसलो. खालूनच पुटपुटलो, "धुऊन यायचं की रं."

"खेपांतनं वेळच न्हाई मिळाला, दादा. म्हटलं, हितं धुत्यातच की."

परातीतलं पाणी तांबडं झालं. टाचेच्या भेगांतली माती निघता निघेना. मी बोटानं काढत राहिलो आणि मला त्या मातीचाही हेवा वाटला. हा आपले पाय होते तसे घेऊन आला होता. मी मात्र इतकी वर्षं प्रभूपुढं धुण्यासारखं काही नेलंच नव्हतं. नेण्यासारखं नव्हतं असं नाही. हा हेवाच परातभर झाला असता.

घरी आल्यावर आईनं पाय लांब केला. "आज तू ये. थोडक्यात कर."

मी गुडघ्यावर हात ठेवला. पाठ असलेलं एकही वाक्य आठवेना. नखांत माती तशीच होती, तीच बघत बसलो. बऱ्याच वेळानं आईनंच "आमेन" म्हटलं आणि पाय जवळ घेतला.

"लागली का?" मी विचारलं.

"बघू सकाळी," ती म्हणाली. "धाकटा जेवला का रं?"