मानाचं पहिलं नाव

उज्वला पिंगळेचं दुकान मखमलाबाद नाक्याच्या पुढे, रसवंतीला लागून आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, सातबारा असं बरंच लिहिलंय, पण जून-जुलैत तिथे एकच काम चालतं. दहावी झालेल्या मुलांचे अकरावीचे ऑनलाइन अर्ज. मी सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर तिच्या प्रिंटरचा रोलर बसवून दिला, तेव्हापासून दुपारचा तिथेच बसतो.

तिचं माहेर म्हसरूळकडचं, फुलशेतीचं. बारावीपर्यंत सकाळी झेंडू तोडून मग कॉलेजला जायची. लग्नानंतर नऊ वर्षं कचेरीजवळ एका टायपिंगवाल्याकडे कामाला होती. तिथे ती एक गोष्ट शिकली. अर्ज बहुतेक वेळा घाईनं चुकतो, आणि त्याचा त्रास भरणाऱ्याला होत नाही, ज्याच्या नावाचा अर्ज आहे त्याला होतो.

म्हणून तिची पद्धत ठरलेली. अर्जात दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं द्यायची असतात. ती आधी मुलाच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल देते. नावं मुलानं स्वतः लिहायची. आई-बापानं मागच्या बाकावर बसायचं. मग ती यादी खालून वर वाचते. दहावं नाव आधी. प्रत्येक नावाला एकच प्रश्न, "हेच मिळालं तर जाशील?" मूल "हो" म्हणालं की त्या नावापुढे टिंब. नाही म्हणालं की नाव खोडायचं. पहिल्या नावाला टिंब पडल्याशिवाय ती संगणकाला हात लावत नाही. एका मुलाला यात पाऊण तास जातो. शेजारच्या दुकानात दहा मिनिटांत होतं. तरी रांग हिच्याकडे असते.

बोलायला तिखट आहे. एकदा एक आई आली. म्हणाली, "क्लासवाल्या सरांनी हेच कॉलेज टाकायला सांगितलंय. तिथे जायची गरज नाही, हजेरी आपोआप लागते."

उज्वला म्हणाली, "मग झोपून राहायला घर काय वाईट आहे वहिनी? बसचं भाडं तरी वाचेल."

ती बाई रुसून गेली आणि दोन दिवसांनी मुलाला घेऊन परत आली.

मी तिचं कौतुक सांगायला बसलेलो नाही. तिच्या हातून एकदा काम चुकलं, ते सांगायचं आहे. चुकल्यावर तिनं काय केलं, त्यावरून मला ती कळली.

गेल्या वर्षी दिंडोरी रस्त्यावरच्या एका गावातून भिकन नावाचा माणूस मुलीला घेऊन आला. द्राक्षबागांत छाटणी करणाऱ्यांची टोळी चालवतो. मुलगी भाग्यश्री. दहावीला ब्याण्णव टक्के. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. घरी दोन गाई, सात शेळ्या, आणि आदल्या वर्षी एक गाय डॉक्टर वेळेवर न आल्यानं गेली होती. जनावरांच्या डॉक्टरकीला आधी अकरावी-बारावी सायन्स लागतं. तिच्या गावातल्या कॉलेजात सायन्स नाही, फक्त आर्ट्स.

ती शेवटची तारीख होती. साइट रखडत होती. दुकानात अकरा जण, पंखा एक. भाग्यश्रीनं यादी लिहिली. उज्वलानं खालून वाचायला घेतली. दहावं, नववं, आठवं. प्रत्येकाला मुलगी स्पष्ट "हो" म्हणाली. सगळी शहरातली सायन्सची कॉलेजं. दुसऱ्या नावाला तर तिनं प्रश्न संपायच्या आत मान हलवली.

पहिलं नाव गावच्या आर्ट्स कॉलेजचं होतं.

"हेच मिळालं तर जाशील?"

भाग्यश्रीनं मागे बापाकडे पाहिलं. भिकन बाकावरून उठला.

"ते मानाचं हाय ताई. कॉलेजचे दत्तू सर घरोघरी फिरले, आमच्या कॉलेजचं नाव पहिलं टाका म्हणून. पोरं नाय भेटली तर तुकडी बंद पडंल. लग्नात पहिली पत्रिका मारुतीला ठेवतो का नाय आपण? तसं ते. मारुती काय जेवायला येतो व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "येतो हो, लाडू असले तर!"

"आणि ब्याण्णव टक्के हायती," भिकन म्हणाला. "वरचं कॉलेज बोलावूनच घेईल तिला."

उज्वलाही हसली. तिनं पहिल्या नावापुढे टिंब दिलं आणि अर्ज भरून लॉक केला. उत्तर मुलीनं दिलेलंच नव्हतं. ते तिथे बसलेल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

भिकनची चूक समजण्यासारखी होती. त्याआधी गावाकडे असलं काही नव्हतं. कॉलेजात जायचं, नाव सांगायचं, बसायचं. ऑनलाइन त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. उज्वलाला मात्र सगळं माहीत होतं.

पहिली फेरी लागली त्या दिवशी भिकन पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. "पहिल्याच फेरीत नंबर लागला ताई! मोबाइलवर मेसेज आला." भाग्यश्री त्याच्या मागे उभी होती. तिनं पेढा घेतला नव्हता.

उज्वलानं स्क्रीन उघडली. मग पेढ्याचा बॉक्स बंद केला.

"भिकनभाऊ, बसा. गावचं आर्ट्स लागलंय."

"ते मानाचं झालं. दुसरं कोणतं लागलं?"

"दुसरं नाही लागत. यादी वरून वाचली जाते. जिथे बसतंय तिथे थांबते. पहिलंच बसलं. खालची नावं कुणी बघितलीच नाहीत."

"पण मार्क तर लय हायती."

"मार्क होते म्हणूनच पहिलं लागलं."

उज्वलानं त्याला पुढचंही सांगितलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळून प्रवेश घेतला नाही, तर मधल्या सगळ्या फेऱ्यांतून नाव बाहेर. अगदी शेवटी उरलेल्या जागांची एक फेरी असते, तिची वाट बघायची. तिथे सायन्स उरेल का, कुठे उरेल, कुणी सांगू शकत नाही. काहीच उरलं नाही तर वर्ष गेलं.

"आणि चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी पोरीला विचारलं आणि तुमचं उत्तर धरलं."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती भाग्यश्रीला घेऊन मार्गदर्शन केंद्रावर गेली. मी सोबत होतो. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला.

"लॉक कुणी केला?"

"मी केला."

"मग आम्ही काय करणार? तुम्ही दुकानवाले दहा मिनिटांत उरकता आणि आमच्याकडे पाठवता."

पाऊण तासाची गोष्ट उज्वलानं सांगितली नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

परत आल्यावर भिकन दुकानाच्या पायरीवर बसलेला. त्याचं मत बनलं होतं. "आर्ट्स तर आर्ट्स. हातात हाय ते घेऊ. पोरीची जात, वर्ष वाया नको."

उज्वलानं त्याला आत बोलावून बाकावर बसवलं. "भाऊ, पाच मिनिटं बोलू नका. मग माझ्या कानाखाली मारली तरी चालेल."

"तसं कसं मारीन ताई."

"बोललात तुम्ही."

तो गप्प झाला. उज्वलानं खुर्ची वळवून भाग्यश्रीसमोर घेतली. शेवटच्या फेरीत काय होऊ शकतं ते तिनं मुलीला तीनदा सांगितलं, वाईटातलं वाईट आधी. मग विचारलं, "गावचं आर्ट्स घेशील?"

"नाही."

"वर्ष गेलं तर?"

"गेलं तर पुढच्या वर्षी परत भरीन. पण आर्ट्स घेतलं तर मला ते कायमचंच पडेल."

भिकननं बापाला शोभेल असं एक काम त्यानंतर केलं. तो स्वतः दत्तू सरांकडे गेला, मुलगी येत नाही म्हणून सांगायला. त्याला वाटलं होतं सर चिडतील. सर चिडलेच, पण वेगळ्या कारणानं. म्हणाले, "अरे भिकन, मला वर्गात बसणारी पोरं पाहिजेत. मानाला टाकलेली नावं घेऊन मी काय करू? तुझ्यासारख्या अजून चौघांनी हेच केलंय."

मग वाट बघणं. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. प्रत्येक फेरीनंतर उज्वला सायन्सच्या रिकाम्या जागा वहीत उतरवायची. आकडा दर वेळी घटत होता. पण तिला निराळीच शंका होती. जिथे जागा उरल्यात तिथे शिकवतात तरी का? बऱ्याच ठिकाणी मुलं नावापुरती असतात, शिकतात क्लासमध्ये. अशा ठिकाणी भाग्यश्रीसारखीनं काय करायचं? क्लासची फी तिच्या घरी निघणार नव्हती. तिला शिकवणारं कॉलेज हवं होतं.

"काका, तुम्ही यंत्रं बघितलीत. चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

आम्ही तिच्या स्कूटीवर तीन कॉलेजं पाहिली. पहिल्या ठिकाणी प्रयोगशाळेला कुलूप. चावी शिपायाकडे, शिपाई रजेवर. दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळा चकचकीत, काचेची भांडी ओळीत मांडलेली. मी नळ सोडला. पाणी आलं नाही. खाली वाकून पाहिलं तर पाइप जोडलेलाच नव्हता. बाहेर आल्यावर मी उज्वलाला तेवढंच सांगितलं. तिनं वहीतून नाव खोडलं.

तिसरं दिंडोरीच्या पलीकडे. दोन खोल्यांची जुनी इमारत, रंग उडालेला. प्रयोगशाळेत बेसिनला पिवळे-निळे डाग, टेबलाचं लाकूड ॲसिडनं खाल्लेलं, बाटल्यांवरची लेबलं बोटांनी काळी झालेली. एक बाई अठरा मुलांना बेडकाच्या हृदयाची आकृती समजावत होत्या. आम्हाला दारात बघून म्हणाल्या, "तास संपल्यावर बोलू." आम्ही उभे राहिलो.

"इथे काम होतंय," मी उज्वलाला म्हणालो.

"दोन बस बदलाव्या लागतील तिला."

"लागू देत."

शेवटच्या फेरीच्या दिवशी भाग्यश्रीनं कागदावर दिंडोरीपलीकडचं ते कॉलेज पहिलं लिहिलं. खाली आणखी दोन, मोठ्या विचारानं. उज्वलानं खालून वाचलं. तिसरं, हो. दुसरं, हो. पहिलं.

"हो."

"बापाकडे बघू नको."

"नाही बघितलं."

भिकन बाकावर दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. ओटीपी त्याच्या मोबाइलवर आला. त्यानं आकडे एकेक करून वाचले.

चार दिवस उज्वला नीट जेवली नाही, हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. पाचव्या दिवशी दिंडोरीपलीकडचं तेच कॉलेज लागलं. शेवटून दुसरी जागा.

हे सगळं झाल्यावर सगळं सुरळीत झालं असं लिहिणं खोटं होईल. भाग्यश्री गेली तेव्हा वर्ग सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. सकाळची पहिली बस साडेपाचची. पहिल्या चाचणीत भाग्यश्रीला भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी नऊ पडले. ब्याण्णव टक्केवाली मुलगी. पेपर घेऊन ती बापाबरोबर दुकानात आली. उत्तरपत्रिका काउंटरवर ठेवली आणि उभी राहिली.

मला वाटलं उज्वला तिला धीर देईल. तिनं पेपर उचलला, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"सहा प्रश्न सोडलेत. येत नव्हते का वेळ नाही पुरला?"

"चार येत नव्हते. ते धडे मी जायच्या आधी झाले होते."

"आणि दोन?"

"ते येत होते. घाबरले."

"मग चार धडे कुणाकडून घेणार?"

"बाई म्हणाल्या शनिवारी थांब. पण शनिवारी थांबलं तर शेवटची बस चुकते."

बाकावरचा भिकन उठला. "मी येईन न्यायला. शनिवारी छाटणी दुपारपर्यंतच ठेवतो."

भाग्यश्रीनं पेपर घडी करून दप्तरात ठेवला. उज्वलानं रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.