गुहेत न्यायची बॅटरी

माझी धाकटी बहीण मालवणला पर्यटकांना समुद्रात डायव्हिंग शिकवते. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर ती कोल्हापुरात घरी असते. अशाच एका जूनमध्ये जेवता जेवता ती म्हणाली, की तिला हिवाळ्यात मेक्सिकोला जायचं आहे. तिथे पाण्याने भरलेल्या गुहा आहेत आणि त्यांत पोहण्याचं वेगळं शिक्षण असतं. त्यासाठी आम्ही तिला एक बॅटरी करून द्यावी.

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आम्ही म्हणजे वडील आणि मी. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, अशी कामं ते चाळीस वर्षं करत आले आहेत. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आम्ही दोघांनी मिळून तोपर्यंत एकही वस्तू केलेली नव्हती.

वडिलांनी गुहेबद्दल काही विचारलं नाही.

"किती खोल?" एवढंच म्हणाले.

"साठ-सत्तर फूट. तुम्ही शंभर धरा."

"बाजारात मिळत न्हाय व्हय?"

"मिळते की. पण ती बिघडली तर आत काय आहे ते मला कळणार नाही. तुम्ही केलेली मी उघडून बघू शकेन."

वडिलांना हे पटलं असावं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय संपला.

पुढचे काही दिवस ती आम्हाला गुहेतले नियम सांगत होती. डोक्यावर खडक असतो, म्हणून काही बिनसलं तरी सरळ वर येता येत नाही. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने, दोरी धरून परत यायचं. प्रत्येकाकडे तीन बॅटऱ्या असतात. पाण्यात बोलता येत नसल्यामुळे बोलणं उजेडाने होतं. समोरच्या भिंतीवर सावकाश गोल काढला की सगळं ठीक. झोत भराभर आडवा हलवला की काहीतरी चुकलंय. म्हणून झोत बारीक हवा, पसरट उजेड चालत नाही.

वडिलांनी अ‍ॅल्युमिनियमचा जाड गज आणला आणि तो आतून पोकळ केला. पुढे जाड काच आणि मागे आट्यांचं झाकण. दोन्हीकडे खाचेत रबरी रिंग, ती दाबली गेली की पाणी अडतं. मी एलईडी तांब्याच्या चकतीवर बसवला, कारण तो तापतो; पाण्यात असताना थंड राहतो, पण टेबलावर दोन मिनिटांत हात लावू देत नाही. बटणावरून आमचं पहिलं भांडण झालं. मला साधं दाबायचं बटण हवं होतं.

"भोक पाडलं की पाणी शिरायला वाट झालीच," वडील म्हणाले. "भोक पाडायचं न्हाय."

"मग चालू कशी करायची?"

"ते तू बघ. तू शिकवतीस न्हवं?"

चार दिवसांनी मला सुचलं. बाहेर फिरणारी कडी, कडीत छोटं लोहचुंबक, आणि आत त्या चुंबकाने जोडला जाणारा स्विच. अंगाला एकही भोक नाही. वडिलांनी माझ्या नमुन्याची कडी दोन-तीनदा फिरवून बघितली आणि तडक लेथकडे गेले. त्यांच्याकडून याहून जास्त शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

शेजारच्या वर्कशॉपमध्ये पंपाची भांडी, म्हणजे बाहेरची कवचं, पाण्याच्या दाबाखाली तपासतात. तिथल्या एका भांड्यात बॅटरी बंद करून आम्ही हातपंपाने सहा किलो दाब दिला, म्हणजे जवळजवळ दोनशे फूट पाण्याइतका. सकाळी ठेवलेली संध्याकाळी काढली. आत ठेवलेला टिश्यू पेपर कोरडा होता. वडिलांनी तो घडी करून खिशात ठेवला.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही शाहूवाडीकडे गेलो. वडिलांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची भातशेतीत मोठी दगडी विहीर आहे. पावसाळा सरत आला की ती वरच्या दोन-चार पायऱ्या सोडून भरते, आणि तिच्या तळाशी भर दुपारीही उजेड पोचत नाही. बहिणीने मालवणहून श्वासासाठी हवा भरलेला एक सिलिंडर मागवला होता. कमरेला दोरी बांधली. एकदा ओढलं की ठीक, तीनदा ओढलं की वर घ्यायचं. दोरी वडिलांच्या हातात होती.

शेतकरी पायऱ्यांवर उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "पावणं, पोरीला खाली सोडताय आणि तुम्ही काठावर व्हय?"

"मला पोहाय येत न्हाय," वडील म्हणाले.

हे मलाही माहीत नव्हतं.

ती खाली गेली. हिरवट उजेडाचा ठिपका आम्हाला वरून दिसत होता. तो थोडा खाली सरकला, दोनदा फडफडला आणि गेला. लगेच दोरीला एक ओढ आली. म्हणजे ठीक. पण ती वर आली नाही. दोरी मात्र हळूहळू खाली जात राहिली.

"मग वर का येत न्हाय?" वडील म्हणाले.

"एकदाच ओढलंय, आप्पा. म्हणजे ठीक आहे."

"ठीक हाय तर खाली का चाललीया?"

मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं गेली. खरं सांगायचं तर त्या अकरा मिनिटांत मी बहिणीचा विचार कमी केला आणि सर्किटचा जास्त. जोड सुटला असेल, सेल हलला असेल, असं एकेक डोक्यात येत होतं. वडिलांकडे बघितलं तेव्हा त्यांनी दोरी न सोडता, पायानेच, दोन्ही बूट काढून ठेवले होते. पोहता न येणारा साठीचा माणूस बूट काढून काय करणार होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग बुडबुडे वाढले आणि ती पायरीजवळ वर आली. तोंडातली नळी काढून म्हणाली, "पंधरा फुटांवरच पाणी शिरलं."

"मग एवढा वेळ काय करत होतीस?" मी विचारलं.

"तळाला बसले होते. अंधार कसा असतो ते बघत."

"दुसरी बॅटरी होती न्हवं तुझ्याकडं?" वडिलांनी विचारलं.

"होती की. लावली नाही."

शेतकऱ्यासमोरच वडिलांचा आवाज चढला. "परत असं केलंस तर बॅटरी बिटरी काय करणार न्हाय मी. सांगून ठेवतो."

ती पायरीवर बसली, धाप लागली नव्हती तिला. म्हणाली, "आप्पा, तिथं पहिल्यांदा हेच शिकवतात. उजेड गेला तर घाबरायचं नाही आणि दोरी सोडायची नाही. मला जमतंय का ते तिथं जाऊन बघण्यापेक्षा इथं बघितलेलं बरं."

वडील दोरी गुंडाळू लागले. शेतकऱ्याने चहा केला होता, तो आम्ही घेतला.

परतीच्या वाटेवर मलकापूर मागे पडलं. मग वडील एकदम म्हणाले, "खाच खोल झाली माझी."

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं.

"त्यात रिंग ढिली राहिली. आपण दाब दिला तो एकदम दिला. दाबानं रिंग आपोआप बसली. विहिरीत वरच्या वर दाबच न्हाय, मग रिंग बसवणार कोण? पाणी तितंच शिरलं." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "खोल गेल्यावर न्हाय गळत. वर वरच गळतंय."

घरी आल्यावर मी बॅटरी उघडली. आत दोन चमचे पाणी होतं आणि माझं सर्किट हिरवं पडायला लागलं होतं. वडिलांनी तो गज बाजूला टाकला आणि नवा घेतला. या वेळी खाच कमी खोल केली आणि घासून आरशासारखी गुळगुळीत केली. दाबाखाली तपासण्याआधी त्यांनी ती नवी बॅटरी घरातल्या बादलीत दोन दिवस बुडवून ठेवली. बाथरूममधली ती बादली कुणी हलवायची नाही असा हुकूम होता. टिश्यू पेपर कोरडा निघाला. मग विहीर पुन्हा झाली. त्या खेपेला उजेड तळापर्यंत गेला आणि वर आला, आणि सांगण्यासारखं काही घडलं नाही.

डिसेंबरमध्ये ती गेली. तिथल्या शिक्षकाने बॅटरी हातात घेऊन बराच वेळ उलटीपालटी केली आणि मुख्य म्हणून वापरायला साफ नकार दिला. तिसरी म्हणून चालेल म्हणाला. मुख्य बॅटरी तिने तिथेच भाड्याने घेतली. आमची तिच्या खांद्यापाशी पट्ट्याला अडकवलेली होती. सगळ्या शिक्षणात ती एकदाही गरज म्हणून लावावी लागली नाही. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. वडील म्हणाले, "बरं झालं."

फेब्रुवारीत ती घरी आली. वडिलांनी तिची चौकशी करण्याआधी बॅटरीच हातात घेतली. अंगावर एका बाजूने लांब ओरखडे होते. ते त्यांनी नखाने चाचपले.

"हे कशानं?"

"खडकाला घासली. एके ठिकाणी वाट अरुंद होती."

"किती अरुंद?"

तिने जमिनीपासून हात वर धरून दाखवला. जेवणाच्या टेबलाखाली जेवढी जागा असते त्याहून कमी. वडील त्या हाताकडे बघत राहिले. जूनपासून पहिल्यांदाच त्यांनी गुहेबद्दल काही विचारलं होतं.

"आत काय होतं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगायला सुरुवात केली. पांढरे दगड, छतावरून लोंबणारे खांब, आणि पाणी इतकं स्वच्छ की आपण हवेत तरंगतोय असं वाटावं. वडील स्टूल ओढून बसले. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हाही ती सांगतच होती.