पाहुण्यांसाठी मारलेलं पाणी

माझी थोरली बहीण मोहोळकडच्या एका गावात राहते. गावाला रेल्वेचं छोटं स्टेशन आहे आणि स्टेशनलगत कोळशाचा डेपो. मालगाडीनं कोळसा येतो, उघड्यावर ढीग लागतात आणि डंपर तो कारखान्यांना, वीटभट्ट्यांना पोचवतात. आक्काचं घर डेपोच्या कुंपणापासून दोनशे दहा पावलांवर आहे. मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा दोनशे चौदा भरली, कारण वाटेत म्हैस बसली होती.

आक्का उन्हाळ्यात चार बायकांना घेऊन कुरडया आणि पापड करते. गच्चीवर धुतलेली लुगडी अंथरून त्यावर कुरडया घालतात, वरून पातळ कापड टाकतात. कुरडई पांढरी निघाली तरच तिला मान. डेपो आल्यापासून पांढरी निघत नव्हती. वर्षानुवर्षं माल उचलणाऱ्या बार्शीच्या व्यापाऱ्यानं गेल्या हंगामात निम्म्या पिशव्या परत पाठवल्या. फोनवर म्हणाला, "आक्का, ह्या नाचणीच्या हायत का?" आक्काला विनोद कळतो, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यातच डेपोवाल्यांनी दुसऱ्या यार्डाची परवानगी मागितली. जागा आक्काच्या परसाला लागून. ती मिळाली असती तर गच्चीचा काही उपयोग उरला नसता. गावानं हरकत घेतली. डेपोचं उत्तर सरळ होतं: एका खासगी प्रयोगशाळेनं तीन वेळा गावातली धूळ मोजली आहे, तिन्ही वेळा ती मर्यादेच्या आत आहे. सुनावणीला महिना उरला होता.

या सुमारास पुण्याहून एक पत्रकार आली. वय तिशीच्या आसपास. कोळशाचे, तेलाचे धंदे आणि त्यांच्याशी भांडणारी गावं यावर ती लिहिते. माहितीच्या अधिकारात तिनं ते तिन्ही अहवाल मिळवले होते. सोलापूर स्टेशनवरून मी तिला माझ्या गाडीतून गावात नेलं. आक्कानं चहा देता देता माझी ओळख करून दिली.

"ह्यो माजा भाव. सोलापुरात टावेलच्या कारखान्यात वजनं बघतो. आकड्यांचा लई नाद. लग्नात बी अक्षता मोजत हुता."

"काका, मग हे अहवाल तुम्हीच बघा," पत्रकार म्हणाली. "मला वाटतं, ही माणसं गावात आलीच नाहीत. ऑफिसात बसून आकडे भरलेत."

"आली नाहीत कशी?" आक्का म्हणाली. "माज्याच अंगणात मशीन बसवलं हुतं. तीन येळा. चोवीस तास गुरगुरत हुतं. दोन येळा पोहे खाल्ले, एकदा शिरा."

पत्रकारानं वही मिटली. मला तिचं वाईट वाटलं. प्रवास करून आलेल्या माणसाची पहिलीच शंका पोह्यांनी खोडून काढावी हे काही बरं नाही. "मग मशीनमध्येच काहीतरी केलं असणार," ती म्हणाली. असेल किंवा नसेल. मी अहवालांच्या प्रती घरी नेल्या.

त्या यंत्राची पद्धत मला लगेच समजली, कारण माझंही काम तेच आहे. पांढऱ्या गाळणकागदाचं आधी वजन करतात, चोवीस तास त्यातून हवा ओढतात, मग पुन्हा वजन करतात. फरक म्हणजे धूळ. टॉवेलचंही असंच. फक्त आम्हाला एक जास्तीची काळजी असते, ती हवेतल्या ओलीची. दमट दिवशी टॉवेल जड भरतो आणि नवखा माणूस समजतो की सूत जास्त गेलं. म्हणून आमच्याकडे दमटपणाची रोज नोंद होते आणि ती गेली कित्येक वर्षं मी करतो.

अहवालात शेवटच्या रकान्यात त्या त्या दिवसाचा दमटपणा होता. धुळीच्या आकड्याला मी हात लावला नाही, कारण त्यात मला कळत नाही. पण या रकान्यातलं मला कळतं. कारखान्याचं रजिस्टर मी घरी आणलं आणि त्यात तेच तीन दिवस काढले. तिन्ही दिवस कडक उन्हाळ्याचे. आमच्याकडची हवा खडखडीत कोरडी, आणि पस्तीस किलोमीटरवरच्या आक्काच्या अंगणात जवळजवळ दुप्पट ओल. एकदा असतं तर चूक म्हणून सोडलं असतं. तिन्ही वेळा तसंच होतं. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली.

रविवारी मी गावात गेलो. पत्रकार तिथंच एका शिक्षिकेकडे उतरली होती, तीही आली.

"आक्का, मशीन आलं त्या दिवशी पाऊस झाला होता का?"

"वैशाखात? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

"मग अंगणात ओल कुठून आली?"

"कुटनं म्हंजे? पावणे येणार म्हनल्यावर सडा नको? पाटच्याला मीच मारला. आनि रस्त्यावर टँकर फिरवला की ग्रामपंचायतीनं, पार फाट्यापास्नं."

"तिन्ही वेळा?"

"आरं, मानसं परगावची. धुरळ्यात बसवायची व्हय?"

मी पत्रकाराकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. ज्या धुळीची तक्रार होती ती गावानं स्वतः, मोठ्या अगत्यानं, मोजणाऱ्यांच्या पायाखाली बसवून टाकली होती. तीन वेळा. वर पोहे खायला घालून.

सरपंचांना विचारलं तर ते बिचकले नाहीत. "पत्र आलं हुतं ना डेपोचं. अमुक दिवशी तपासणीची मानसं येणार, गावात स्वच्छता ठेवावी. आमी ठेवली." फाईलमधून त्यांनी तिन्ही पत्रं काढली. प्रत्येक पत्र तपासणीच्या दोन दिवस आधीचं.

पत्रकाराचा चेहरा उजळला. "म्हणजे त्यांनीच करवून घेतलं."

"पत्रात पाणी मारा असं नाहीय," मी म्हटलं. "स्वच्छता ठेवा एवढंच आहे. आता त्यांच्या मनात काय होतं ते मला वाचता येत नाही. तुम्ही दोन्ही लिहा. पत्र त्यांचं, टँकर आपला."

"दोन्ही लिहिलं तर गावाची बाजू कमजोर होईल, काका."

"एकच लिहिलं तर सुनावणीत पहिल्या प्रश्नाला पडेल."

आक्का माझ्यावर भडकली. "गावाचं हसं करतुयास व्हय रं? आपल्याच मानसांनी केलं म्हनून छापायचं?" दोन दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. पत्रकारानं मात्र दोन्ही लिहिलं, टँकरच्या फेऱ्यांसकट. लेख आल्यावर शेजारच्या गावातली माणसं आमच्या सरपंचांना 'पानीवाले' म्हणू लागली. पण सुनावणीच्या आधी पुन्हा एकदा मोजणी करायचा हुकूमही निघाला. या वेळी मशीन सरकारी माणसं आणणार होती. तारीख गावाला कळवलेली होतीच.

टँकर बंद ठेवणं सोपं होतं. आक्काला अंगण कोरडं ठेवायला लावणं अवघड. आमच्याकडे सकाळी दारात सडा नाही, रांगोळी नाही, तर त्या घरात माणूस गेलेलं असतं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या दारात अशी सकाळ फक्त दोनदा झाली होती, सासऱ्यांच्या वेळी आणि सासूबाईंच्या वेळी. "तिसऱ्यांदा मी जित्तेपनी कशी करू?" ती म्हणाली.  याला आकडा नव्हता.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडेच मुक्काम केला. सकाळी उठून बघतो तर ती उंबऱ्यात बसलेली, बादली शेजारी पालथी घातलेली. समोरून डंपर जात होते. पहिला डंपर गेला आणि रस्ता दिसेनासा झाला.

आठ वाजता पलीकडच्या आळीतली एक म्हातारी आली, डोक्यावर पदर, हातात पिठलं-भाकरीचं ताट. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी जेवण आणतात.

"कोन गेलं गं बाई?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"कुनी न्हाय गेलं, आत्या."

"मग सडा का न्हाय?"

"धूळ मोजायची हाय."

म्हातारीनं अंगणाकडे बघितलं, मशीन लावणाऱ्या दोन माणसांकडे बघितलं. "ती मोजाय मशीन कशाला? माज्या पदराला इचारा की." मग ताट खाली ठेवून म्हणाली, "आता आनलंय तर खावा. परत न्हेत न्हाईत."

ते पिठलं मशीनवाल्यांनी खाल्लं. त्यांतला एक जण म्हणाला, असं पिठलं त्यानं कधी खाल्लं नव्हतं. ते कुणासाठी आलं होतं हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कागद काढला तेव्हा मी जवळ उभा होतो. हात लावू दिला नाही, ते बरोबरच होतं. कागद आत घातला तेव्हा पांढरा होता. बाहेर आला तो भिजवलेल्या पाटीच्या रंगाचा.

सुनावणी मोहोळला झाली. धुळीचा आकडा मर्यादेच्या वर निघाला होता. डेपोच्या वकिलांनी आक्कालाच उभं केलं. "म्हणजे आधीच्या तिन्ही वेळा तुम्ही स्वतः पाणी मारलंत, हे खरं?"

मला वाटलं, ती माझ्याकडे रागानं बघेल. तिनं बघितलंच नाही.

"व्हय, खरं हाय. पावणे येणार कळलं की पानी मारनारच. उद्या तुमी या, तुमास्नी बी मारू." मागून हसू आलं. ती सुनावणीच्या अधिकाऱ्याकडे वळली. "म्हनून म्हनते सायेब, ह्यांना आमास्नी न सांगता पाठवत जावा. मग आमी पानी बी मारनार न्हाय आन् पोहे बी करनार न्हाय."

अधिकाऱ्यानं हे लिहून घेतलं, पोह्यांचं सोडून. निकाल पंधरवड्यानं आला. दुसऱ्या यार्डाची परवानगी थांबवलेली. ढिगांवर आच्छादन घालायचं, वर्षभर पूर्वसूचना न देता मोजणी करायची आणि ते आकडे बघून पुन्हा विचार करायचा.

मी तो कागद आक्काला फोनवर वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला सांगितला.

"म्हंजे यार्ड न्हाय?"

"आत्ता नाही. वर्षानंतर परत बघणार."

 मग ती म्हणाली, "एक वर्स म्हंजे एक उन्हाळा. बार्शीला फोन लाव. म्हनावं, ह्या वर्साच्या कुरडया आधी बघून जा, मग बोल."