द्वादशीचा पाला

वरलक्ष्मीबाईंच्या फाटकाची कडी महिन्यातून दोनदाच वाजायची, द्वादशीच्या पहाटे. एकादशीचा उपास सोडायला हादग्याचा पाला लागतो. म्हैसुरात त्याला अगसे म्हणतात, आणि बन्नीमंटपाकडच्या मराठी घरांना तो पंचवीस वर्षं बाईंच्या परसातून मिळत होता. यजमान गेले, मुलगा साकेत कॅनडाला गेला, झाडं तेवढी राहिली. एरवी दाराशी कुत्रंसुद्धा फिरकत नसे. द्वादशीला मात्र दहा-बारा माणसं यायची, "बऱ्या आहात ना?" विचारायची, आणि त्या दोन शब्दांवर बाई पुढचे पंधरा दिवस काढायच्या.

उन्हाळ्यात नळ आटले की मागच्या ओढ्याला पंप लावायचा. पाणी घाण, पण तोडलेला पाला तीन पाण्यांनी धुतला की शुद्ध झाला, असा बाईंचा हिशेब. आयुष्यभर सोवळं पाळलेल्या माणसाचा धुण्यावर फार विश्वास असतो.

शेजारची अन्विता कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते पाणी आणि पाला तपासायला घेऊन गेली होती. ती नेमकी एकादशीच्या संध्याकाळी आली.

"आज्जी, सोप्पूत, तुमच्या पाल्यात, अँटिबायोटिक सापडलं. वरती कुठल्यातरी आस्पत्रेचं, हॉस्पिटलचं, पाणी ओढ्यात सोडतात."

"मी धुऊनच देते की ग!"

"वर नाही आज्जी, आत आहे. झाड पाण्याबरोबर औषध पण पितं. पाणी उडून जातं, औषध पानात राहतं."

"मग काय, मरतंय कोणी खाऊन?"

"छे छे! अगदी थोडं आहे. पण असं थोडं थोडं पोटात गेलं की जंतूंना सवय होते. मग खरंच ताप आला की गोळी चालत नाही." ती घुटमळली. "मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही बघा."

बाई बघत बसल्या. एक पहाट गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? सांगितलं तर मात्र फाटक कायमचं मुकं होणार. पण नरसिंहमूर्तींची नात डोळ्यांपुढून हलेना. गेल्या खेपेला ती कोवळं पान चघळत फाटकावर झुलत होती.

पहाटे त्यांनी एकेकाला सांगितलं. कोणी वाकडा शब्द काढला नाही. "पर्वागिल्ला, काही हरकत नाही वरलक्ष्मीबाई, सांगितलंत ते बरं झालं," नरसिंहमूर्ती म्हणाले. रिकाम्या पिशव्यांची घडी घालून सगळे गेले.

बाईंनी झाडं तोडून घेतली, नवी माती टाकून रोपं लावली, नळाचं पाणी साठवून घातलं. पुढच्या द्वादशीला चारलाच उठून, रोपं दाखवावीत म्हणून, फाटक उघडून बसल्या. कोणी आलं नाही. उजाडल्यावर नरसिंहमूर्ती समोरून जाताना दिसले, पिशवीतून अगसेची जुडी डोकावत होती.

"कुठल्या पाण्यावरची हो, मूर्तीअण्णा?"

"मार्केटातली आहे," मूर्ती म्हणाले. "येतो, पारण्याची वेळ टळेल."

तोच ओढा पुढे मळ्यांतून जातो आणि त्याच मळ्यांतला पाला मार्केटात येतो, हे मूर्तींना ठाऊक नव्हतं थोडंच! पण मार्केटात त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी आत येऊन एकटीनेच तीर्थ घेऊन उपास सोडला. आपण गप्प बसायला हवं होतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.