पागाला बांधलेली कविता

करणी, भानामती, लिंबू-मिरची... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आले. कोळीवाड्यात वाढलेय, अंगात येणाऱ्या बायका जवळून पाहिल्यात. त्यातल्या दोघी तर माझ्या सख्ख्या मावश्या. तरी माझा विश्वास बसला नाही तो नाहीच. त्यामुळे हे वाचून तुम्ही मला हसलात, तर माझी तक्रार नाही.

आमचं घर नेरूळला खाडीकाठी, जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत. मी बेलापूरला नोकरी करते आणि फावल्या वेळात कविता. आमच्या कवितेच्या ग्रुपवर 'प्राचीन' असा विषय आला, तेव्हा शोधता शोधता ग्रीक-रोमन लोकांच्या शापपट्ट्या सापडल्या. शिशाच्या पातळ पत्र्यावर वैऱ्याचं नाव कोरायचं, मग एकेक अवयव — हे बांध, ते बांध म्हणून देवाला सांगायचं. पत्रा गुंडाळायचा, आरपार खिळा ठोकायचा आणि पाण्यात सोडायचा. वाचून अंगावर काटा आला... आणि खरं सांगते, तोंडाला पाणीही सुटलं. कारण माझ्याकडे नाव तयार होतं.

ताईचा नवरा, प्रकाश. खांदेश्वरला फ्लॅट, पावणे औद्योगिक वसाहतीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनचं छोटं वर्कशॉप, सोसायटीत मान. ताईच्या कानाचा पडदा त्याने फाडला. मनगटही त्यानेच मोडलं. ताईचं एकच पालुपद, "बाथरूममध्ये घसरले." आम्ही आणायला गेलो तर दार उघडायची नाही, कारण त्याने सांगून ठेवलं होतं — माहेरी पाऊल टाकलंस तर तुझ्या भावाला कापून खाडीत फेकीन.

आमचा धाकटा भाऊ नितीन सुट्टीच्या दिवशी पाग टाकतो. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. ते बुडावं म्हणून काठाला शिशाचे तुकडे गुंडाळून लावतात. त्याच्याकडच्या शिशाच्या पत्र्याचा एक तुकडा मी घेतला, ठोकून पातळ केला आणि प्रकाशच्या नावाखाली खिळ्याने कोरलं —

खाडीबाय, बांध त्याची जीभ, मुळापासून.
बांध उजवा हात, पाचही बोटं चुरून.
बांध पाय, लाथ उचलणारा.
बांध श्वास, नाकातोंडात गाळ भरून.

फोटो काढून ग्रुपवर टाकला. "जबरदस्त!", "आग!" वगैरे झालं. मग पत्रा गुंडाळून खिळाही ठोकला, हौस म्हणून. पाण्यात मात्र सोडला नाही, खिडकीत ठेवला आणि विसरले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ताईचा फोन. जेवताना तिला शिव्या घालता घालता प्रकाशचा जबडा असा काही मिटला, की जीभ जवळजवळ तुटून लोंबली. ताटातलं वरण लाल झालं होतं म्हणाली. मी फोन ठेवला आणि हसले. मनापासून हसले.

पुढच्या रविवारी, जिभेला टाके असतानाच, वर्कशॉपमध्ये प्रेस मशीन बंद करून तो डाय, म्हणजे साचा, बसवत होता. मशीन बंद होतं हे तिथल्या सगळ्यांनी सांगितलं. तरी प्रेस खाली आला. उजव्या हाताची पाचही बोटं... डॉक्टरांकडे शिवायलाही काही उरलं नव्हतं.

मला 'चुरून' हा शब्द आठवला आणि मी धावत खिडकीपाशी गेले. तिथे काहीच नव्हतं.

"ते शिसं?" नितीन म्हणाला. "अगो, पागाचं एक वजन पडलेलं. तुजं गुंडालेलं आयतंच व्हतं, भोकपन पाडलेलं. खिल्यासकट लावलं."

"कधी?"

"दोन रविवार झाले ना. मासली काय मस्त आली, तू पन खाल्लीस की!"

मी पाग खुंटीला टांगला आणि नितीनला पुन्हा टाकू दिला नाही, पण शिसं तसंच ठेवलं.

प्रकाश हॉस्पिटलमधून घरी आला आणि दोनच दिवसांत ताई आमच्या दारात उभी. ओठ फाटलेला, पोटाला धरून वाकलेली. "हात गेला," ती म्हणाली, "पाय हाय ना त्याचा."

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं वेड्यात काढेल. तिने फक्त विचारलं, "पुढं काय लिवलंस?"

"पाय."

"आनि शेवटी?"

मी सांगितलं. ती उठली, खुंटीवरचा पाग काढला, सुरी घेतली आणि जेट्टीवर गेली, मी तिच्या मागे. बाबांनी पाग टाकायला तिलाच आधी शिकवलं होतं. मला वाटलं, शिसं कापून काढेल. तिने दोरी मनगटाला बांधली, काठ दातात धरला, अंग वळवलं... आणि जाळं भरतीच्या पाण्यावर पुरं गोल उघडलं.

ओढून घेईस्तोवर तिचा फोन वाजायला लागला. सासू किंचाळत होती. लिफ्ट बंद, प्रकाश जिन्यावरून गडगडला, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलंय. ताईने फोन बंद केला. मग तिथेच बसून तिने शिसं कापलं, खिळा उपटला, पत्रा उलगडला.

पहिल्या तीन ओळी नव्हत्या. खरवडलेल्या नव्हेत, तिथे पत्रा नव्यासारखा गुळगुळीत होता. चौथी ओळ मात्र आत्ता कोरल्यासारखी.

"तू लिवलंस, तूच खरवड," तिने माझ्या हातात सुरी दिली.

मी सुरी धरून उभी राहिले. "राहू दे ना ताई," मी म्हटलं. "एकच तर राहिलंय."

"अगो, मना सुटायचं व्हतं," ताई म्हणाली. "मारायचं नव्हतं." तिने सुरी काढून घेतली आणि श्वासाची ओळ स्वतः खरवडली.

प्रकाश जिवंत आहे, त्याच्या आईकडे असतो. ताई आमच्याकडे आहे. जबडा, मशीन, जिना... लोकांकडे प्रत्येकाचं कारण आहे. खाऱ्या पाण्याने शिसं झिजलं असेल, असंही एकाने सांगितलं. मग चौथी ओळ का नाही झिजली?

पण रात्री झोप उडते ती त्यामुळे नाही. प्रकाश पुरता मोडला होता, कुणाला बोटही लावू शकला नसता, आणि तरी मला ती चौथी ओळ हवी होती. ताईने ते माझ्या तोंडावर पाहिलं.

ती माझ्याच खोलीत झोपते. मी काही लिहायला बसले की उठून बाहेर जाते. ती अजूनही घाबरते... आता मला.